क्रमांक एकोणीस

नाशिकच्या परिषदेत मला आठ मिनिटं मिळाली.
बैलाच्या शिंगानं फाटलेली पोटं, एक्केचाळीस.
अकरा वर्षं, शहाद्याचं एकच ऑपरेशन थिएटर
आणि लाइट गेली की जनरेटरकडे धावणारा हिलाल.
चौदाव्या स्लाइडवर, तळाशी, बारीक अक्षरात:
तिघांचा पाठपुरावा झाला नाही.
दोन सेकंदांत ती पुढे सरकली.
पिवळा दिवा लागला, मग लाल, मग टाळ्या.
अध्यक्ष म्हणाले, छान काम आहे, पेपर करा.
शाल, स्मृतिचिन्ह, पनीरची भाजी,
रात्रीच्या गाडीनं परत.

चार वर्षं पेपर पेनड्राइव्हमध्ये झोपला.
पेनड्राइव्ह ॲप्रनच्या खिशात. एकदा धुण्यातही गेला.
बोलताना आवाज कुठलीही फट लिंपून घेतो;
लिहायला बसलो की एकेक आकडा
खुर्ची ओढून समोर बसायचा
आणि विचारायचा, माझं काय?

तरी लिहिला. पाठवला.
सहा महिन्यांनी दुसऱ्या परीक्षकाचं उत्तर:
जखमेतून हर्निया शून्य, असं लेखक म्हणतात.
मग ते तिघे कुठे आहेत?

मी चिडलो.
त्याला काय ठाऊक तोरणमाळचा घाट,
दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत रिकामे होणारे पाडे,
बंद मोबाइल, किंवा ज्याच्या नावावर सिम तो शालकच वारलेला.
असं सगळं मी टाइप केलं. खोडलं.

हिलालनं कपाटामागून लाल कापडाची चोपडी काढली.
दवाखान्याची नव्हे, त्याची स्वतःची.
"साहेब, बैलबी लिखी ठेयेल शे."
सात: तांबडा, डावं शिंग मोडकं.
एकोणीस: काळा, कपाळी चांद, मालक रेहंज्या पावरा,
पाडा नदीपलीकडे, चिंचेखालचं घर.
तेहेतीस: बैल नाही, म्हैस होती. साहेबांना सांगितलं नाही.

म्हैस!
शीर्षकच बदलायला हवं होतं.

सात नंबर दुसऱ्याच वर्षी साप चावून गेला होता.
तेहेतीस कुठेच सापडला नाही. म्हैसही नाही.
एकोणीसची बायको म्हणाली, होळीला येईल.
संपादकांना मुदत मागितली, होळीपर्यंत.
कारण काय लिहायचं?
लिहिलं: प्रादेशिक अडचणी.

भोंगऱ्याच्या बाजारात, धडगावला,
ढोल इतके की स्वतःचं बोलणंही ऐकू येईना,
हिलालनं एका माणसाचा दंड धरून आणला.
त्यानं आधी मला पाहिलं, मग माझे हात.
मग हसला, भर बाजारात सदरा वर केला.
शिंप्याच्या दुकानातली टेप मागून घेतली:
व्रण सतरा सेंटिमीटर.
खोक म्हणालो. तो खोकला.
आणि नाभीच्या वर, माझ्याच टाक्यांच्या मधून,
लिंबाएवढं काहीतरी बाहेर आलं
आणि मी बोट ठेवलं तसं आत गेलं.

ढोल चालूच होते.

म्हणजे त्या टाळ्यांतली निदान एक
मला परत करायला हवी.

"दुखतं?"
ऊस उचलताना, हिलालनं उलगडून सांगितलं.
आठ वर्षं उचलतोय.
तारीख दिली. ऑपरेशन फुकट, ये, म्हटलं.
फोटोच्या संमतीवर अंगठा घेतला,
शाईऐवजी शिंप्याचा निळा खडू ओला करून.
त्यानं विचारलं, पुस्तकात माझं नाव येणार?
नाही, म्हटलं, नाव टाकायचं नसतं.
थोडा विचार करून म्हणाला,
मग बैलाचं?
बैल अजून आहे. म्हातारा झालाय, मारत नाही.

रात्री तक्ता तीन पुन्हा केला.
शून्य खोडून एक.
पाठपुराव्याबाहेर: एक.
शीर्षकात बैलाऐवजी गुरं.
लेखकांच्या यादीत दुसरं नाव घातलं, हिलाल कोळी;
जर्नलच्या फॉर्मनं पदवी विचारली
आणि ती चौकट रिकामी ठेवून पुढे जाऊ देईना.
साडेअकरापर्यंत तिथेच बसून होतो.

पद्धती या भागात एक वाक्य वाढलं:
रुग्णाची प्रत्यक्ष भेट घेऊन तपासणी करण्यात आली.
कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.